कार्डाचं पाणी वेगळं

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाणी’ हा विषय दिला, तेव्हा मी सव्वा लिटर पाण्याचा माग काढायचं ठरवलं. हे पाणी पुण्यात कर्वेनगरमधल्या एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत, काळ्या रबरी नळ्यांतून, मिनिटाला सुमारे तीन लिटर या वेगानं फिरत असतं. त्यात क्षार नाहीत, आणि ते कोणी प्यायचंही नाही. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात निर्माण होणारी उष्णता उचलायची आणि हातभर अंतरावरच्या रेडिएटरमध्ये नेऊन सोडायची, एवढंच त्याचं काम.

खोली एका तरुण जोडप्याची. दोघंही आर्किटेक्ट, पण इमारती बांधत नाहीत. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून देतात. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत संध्याकाळचं ऊन कसं पडेल, जिन्यात दुपारी किती उजेड असेल, हे पाया खणण्याआधी दाखवायचं. अशा दृश्यात प्रत्येक किरण कुठे आदळतो आणि कुठे परततो याचा हिशोब ग्राफिक्स कार्ड करतं. इमारतीतून तीस सेकंद फेरफटका मारायचा तर सेकंदाला पंचवीस याप्रमाणे ७५० चौकटी लागतात. एका चौकटीला चार मिनिटं धरली तर कार्डाला सलग पन्नास तास राबावं लागतं. या पन्नास तासांसाठीच ती दोघं कार्डाला स्वतःचं पाणी देणार होती, आणि ते काम पाहायला मी गेलो होतो.

दोन्ही अंगांनी तापणारं कार्ड

त्यांच्याकडचं कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०९०, सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आलेलं. त्याच्या मधोमध ६२८ चौरस मिलिमीटरची चिप आहे आणि तिच्यात २,८०० कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर आहेत. पूर्ण भार आला की अख्खं कार्ड ३५० वॉट खातं आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. २००६ साली आलेल्या ८८०० जीटीएक्सची मागणी दीडशे वॉटच्या आसपास होती आणि तेव्हा तीही फार वाटली होती. पुढे ४०९० आलं ते ४५० वॉटचं, आणि २०२५ च्या जानेवारीत आलेलं ५०९० तर ५७५ वॉटचं.

पण ३०९० ची खरी अडचण त्याच्या पाठीवर आहे. त्याची २४ जीबी मेमरी चोवीस चिपांमध्ये वाटलेली आहे आणि जागा पुरावी म्हणून त्यातल्या बारा कार्डाच्या मागच्या बाजूला बसवल्या आहेत. पंखे आणि मोठा हीटसिंक पुढच्या बाजूला. मागे फक्त धातूची एक पाठपट्टी. त्यामुळे मुख्य चिप ७६ अंशांवर निवांत असते आणि मागची मेमरी मात्र शंभरी ओलांडते. ती ११० च्या जवळ गेली की कार्ड आपणहून वेग कमी करतं. रात्री दहाला सुरू केलेलं काम सकाळी सातला संपेल असा अंदाज बांधावा आणि उठून पाहावं तर ते अर्ध्यावरच, असं त्यांच्याकडे उन्हाळ्यात वरचेवर होई. वर पंख्यांचा आवाज. ज्या खोलीत चित्रं तयार होतात, तिच्याच भिंतीपलीकडे त्यांचं बाळ झोपतं.

हवेचा आणि पाण्याचा हिशोब

पाणी का, याचं उत्तर वहीच्या अर्ध्या पानात मावतं. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढवून ३५० वॉट उष्णता वाहून न्यायची तर सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा लागते. तेच काम पाण्याकडून करून घ्यायचं तर सेकंदाला साडेआठ मिलिलिटरसुद्धा लागत नाही. आकारमानाला आकारमान धरलं, तर पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. त्यामुळे चिपच्या डोक्यावरची अवघ्या काही मिलिमीटरची जागाही त्याला पुरते.

या जागेत बसतो तो ब्लॉक. खाली निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा जाड पत्रा, त्यात केसासारख्या बारीक चरा कोरलेल्या. वर अॅक्रिलिकचं झाकण. पाणी या चरांतून दामटून काढलं जातं. प्रोसेसरच्या चिपवर सहसा धातूची टोपी असते. ग्राफिक्स कार्डाची चिप मात्र उघडी असते. तिच्या आणि तांब्याच्या मध्ये पेस्टचा पातळ थर सोडला तर काहीच नाही. शिवाय ती आकारानंही मोठी असते. म्हणून पाण्याचा जेवढा लाभ ग्राफिक्स कार्डाला होतो, तेवढा प्रोसेसरला होत नाही. ज्यांना दोन्हींपैकी एकालाच पाणी द्यायचं आहे, त्यांनी कार्डाला द्यावं असं माझं मत हे सगळं पाहिल्यावर पक्कं झालं आहे.

एक गोष्ट मात्र पाणी करू शकत नाही. ते उष्णता संपवत नाही, हलवतं. शेवटी ती हवेतच जायची असते. फरक इतकाच की दोन बोटं जाडीच्या हीटसिंकऐवजी पाणी तिला तीन पंख्यांच्या रेडिएटरपर्यंत आणतं. तिथे पातळ पत्र्यांच्या शेकडो घड्या असतात; म्हणून पंखे हळू फिरवले तरी भागतं.

वेगळं कशाला?

या मंडळींच्या संगणकात पाणी आधीपासून होतं. प्रोसेसरवर कारखान्यातूनच भरून, कायमचा बंद करून आलेला कूलर होता. मग त्याच पाण्याची वाट कार्डावरून का नेली नाही, हा माझा पहिला प्रश्न.

उत्तर धातूंमध्ये आहे. असल्या बंद कूलरचा रेडिएटर सहसा अॅल्युमिनियमचा असतो आणि प्रोसेसरला टेकणारी तबकडी तांब्याची. आत गंजरोधक द्रव्य भरलेलं असतं आणि कोणी उघडायचंच नसल्यानं ते काही वर्षं निभावतं. तो फोडून त्यात आपलं पाणी, आपला ब्लॉक, आपल्या नळ्या जोडल्या की ती जोडी एकमेकांवर उठते. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात राहिले की विजेचा सूक्ष्म घट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजत जातं. झिजलेला चुरा ब्लॉकच्या बारीक चरांमध्ये अडकतो. म्हणून हातानं बांधलेल्या लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंद फेऱ्यात, तांबं, पितळ आणि निकेल एवढेच धातू येऊ द्यायचे, हा या कामातला सगळ्यात कडक नियम आहे. प्रोसेसरचा बंद कूलर होता तसा ठेवून कार्डाला वेगळा लूप देण्यामागचं हे अगदी व्यवहारी कारण.

दुसरं कारण नेहमी सांगितलं जातं, पण ते थोडं तपासून घ्यावं लागतं. एकाच लूपमध्ये आधी कार्ड आणि मग प्रोसेसर ठेवला तर कार्डाचं तापलेलं पाणी प्रोसेसरवर जाईल, अशी भीती असते. पण मिनिटाला तीन लिटर पाणी वाहत असताना ३५० वॉट त्यात मिसळले तरी पाणी पावणेदोन अंशांहून कमी तापतं. म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर, यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सगळ्या पाण्याचं मिळून. कार्ड तासन् तास चालू राहिलं की लूपमधलं सगळंच पाणी दहा-पंधरा अंशांनी चढतं आणि प्रोसेसर स्वतः काही करत नसला तरी त्या कोमट पाण्यात बसून राहतो. रात्रभर कार्ड राबवणाऱ्यांना ही गोष्ट जाणवते. दोन तास खेळ खेळून यंत्र बंद करणाऱ्यांना ती जाणवेलच असं नाही.

उलट बाजूही खरी आहे. दोन्ही रेडिएटर एका लूपमध्ये असले तर ज्याला त्या क्षणी गरज आहे, त्याला दोघांचाही उपयोग होतो. वेगळे केले की प्रोसेसरचा रेडिएटर रिकामा बसला असला तरी कार्डाच्या मदतीला येत नाही. पंप दोन, टाक्या दोन, सांधे दुप्पट, म्हणजे गळतीच्या जागाही दुप्पट. सगळं नव्यानं बांधणाऱ्यानं, आणि ज्याचं कार्ड सतत राबत नाही त्यानं, एकच लूप करावा. पण ज्यांच्या प्रोसेसरवर चांगला बंद कूलर आहे आणि ज्यांची कमाई कार्डाच्या रात्रींवर आहे, त्यांच्यासाठी वेगळा लूप योग्य आहे.

आटे, रिंगा आणि पॅड

मी पोहोचलो तेव्हा कार्ड उघडून टेबलावर ठेवलेलं होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून चिप आरशासारखी लखलखीत झाली होती. तो पॅड कापत होता, ती ब्लॉकसोबत आलेला कागद वाचून जाडी सांगत होती. हे पॅड म्हणजे मऊ, उष्णता वाहणाऱ्या पट्ट्या. मेमरी आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर त्या बसतात. कुठे एक मिलिमीटर, कुठे दीड. अर्धा मिलिमीटर चुकला तर ब्लॉक पॅडांवर टेकून राहतो आणि मुख्य चिपला लागतच नाही. ब्लॉक कसल्यानंतर त्यानं तो पुन्हा काढला आणि चिपवर पेस्टचा ठसा नीट उमटला आहे का ते पाहिलं. चारही कोपरे भरलेले दिसले, तेव्हा नवी पेस्ट लावून स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे थोडे आवळले.

ब्लॉक घेतानाच सर्वांत जास्त सावध राहावं लागतं, असं ती म्हणाली. कारण ३०९० या एकाच नावाची कार्डं अनेक कंपन्या बनवतात, आणि प्रत्येकीच्या सर्किटच्या पट्टीवर भागांची मांडणी निराळी. आपल्या पट्टीचा फोटो आणि ब्लॉक बनवणाऱ्याचा तक्ता बाजूबाजूला ठेवून एकेक भाग जुळवावा लागतो. हे ब्लॉक स्लोव्हेनियातून, जर्मनीतून, चीनमधून येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचं काय वाट्टेल ते मिळतं, पण अमुक पट्टीचा ब्लॉक हवा म्हटलं की बहुतेकदा मागवूनच घ्यावा लागतो. शिवाय कार्ड उघडलं म्हणून विकणारा वॉरंटी नाकारू शकतो. त्यांच्या कार्डाची मुदत संपून गेली होती. तोवर त्यांनी मुद्दाम हात लावला नव्हता.

सांध्यांचे आटे पाव इंची. घरच्या नळाला सवयीनं टेफ्लॉन टेप गुंडाळतात; इथे टेप चालत नाही, कारण पाणी अडवण्याचं काम आटे करत नाहीत, रबरी रिंग करते. रिंगेवर पाण्याचा थेंब लावायचा, हातानं फिरवायचं आणि रिंग दबली की थांबायचं. पान्यानं जोर केला तर अॅक्रिलिक तडकतं. नळीसाठी त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिक टाळून काळं ईपीडीएम रबर घेतलं. मऊ पारदर्शक नळीला लवचीक ठेवणारं द्रव्य कालांतरानं पाण्यात उतरतं आणि ब्लॉकच्या चरांमध्ये पांढरट चिकटा होऊन बसतं. काचेसारख्या सरळ, रंगीत पाणी भरलेल्या नळ्या दिसायला सुंदर असतात यात वाद नाही. पण ज्याला वर्षभर हात लावायचा नाही, त्यासाठी काळी रबरी नळी मला जास्त भरवशाची वाटते.

नवा रेडिएटर धुवावा लागतो. डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचा अंश आत राहिलेला असतो. गरम पाणी भरून हलवायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. शेवटचे फेरे डिस्टिल्ड पाण्याचे. पहिल्या पाण्यातून निळसर-करडा गाळ निघाला तो मी पाहिला. तो आत राहिला असता तर थेट ब्लॉकवर गेला असता.

पाणी भरणं

लूपमध्ये बोअरचं पाणी घालणं म्हणजे चरांमध्ये क्षारांचे थर चढवणं. त्यांनी डिस्टिल्ड पाणी आणलं आणि त्यात गंज व शेवाळं रोखणारं द्रव्य ठरल्या प्रमाणात मिसळलं. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही, म्हणून सांडलं तरी चालेल, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. धातूंमधून फिरताना पाणी आयन उचलतं, आणि पट्टीवरची धूळ तर वाट पाहतच असते.

म्हणून पाण्याआधी हवा. लूपच्या एका तोंडाला दाबमापक असलेला छोटा हातपंप लावून अर्ध्या बारपर्यंत हवा भरली आणि काटा हलतो का हे पाहत चहा झाला. काटा हलला नाही. मग संगणकाचे बाकी सगळे वीजजोड काढून ठेवले. वीजपुरवठ्याच्या चोवीस टाचण्यांच्या जोडात एक टाचणी हिरव्या वायरची असते. ती कोणत्याही काळ्या वायरला जोडली की मदरबोर्डाशिवाय पुरवठा सुरू होतो. म्हणजे पंप एकटाच चालवता येतो. चुकून गळती झाली तरी ज्याला वीज लागलेली नाही ते जळत नाही. प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर अंथरला.

पंपाचं मुख पाण्यानं भरलेलं असल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. कोरडा फिरला की तो खराब होतो. म्हणून टाकी पंपाच्या वर. त्यानं टाकी भरली, क्षणभर पंप चालवला, पाणी नळीत ओढलं गेलं, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद केला. पुन्हा भरली. असं चार-पाच वेळा झाल्यावर पाणी पूर्ण फेरी मारून टाकीत परत आलं. मग संगणकाची पेटी दोघांनी मिळून डावीकडे, उजवीकडे, पाठीवर कलती केली. रेडिएटरच्या कोपऱ्यात दडलेले बुडबुडे गुळगुळ आवाज करत वर आले. टिश्यू कोरडेच होते, तरी त्यांनी पंप रात्रभर तसाच चालू ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वीज जोडली.

पहिल्या मोठ्या कामाच्या वेळी खोलीत ३० अंश होते. तासाभरानं पाणी ४३ वर स्थिरावलं, चिप ५७ वर, आणि पाठीवरची मेमरी, जी १०४ पर्यंत जात असे, ती ८४ वर. चिपपेक्षा मेमरीचा आकडा पाहून ती जास्त खूश झाली. पंखे त्यांनी चिपच्या तापमानाला न बांधता पाण्याच्या तापमानाला बांधले आहेत. चिप एका सेकंदात तापते आणि निवते; पंखे तिच्यामागे धावले तर आवाज सारखा वर-खाली होत राहतो. पाणी मात्र सावकाश चढतं. सव्वा लिटर पाण्याला ३५० वॉट एका अंशानं तापवायला, रेडिएटर नसला तरी, पंधरा सेकंद लागतात. रेडिएटर असला की सगळं स्थिर व्हायला पाऊण तासही जातो. पंखे त्या चालीनं हळूहळू वेग घेतात आणि पलीकडच्या खोलीत कोणी जागं होत नाही.

पाषाणच्या वाटेवर

हे हौशी लोकांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर कर्वेनगरहून थोड्या अंतरावर पाषाणला आयसर संस्थेत असलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आठवावा. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून उभारलेल्या या यंत्रात द्रव थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेऊन उष्णता काढली जाते. तत्त्व तेच: तापणाऱ्या जागी तांबं, त्यातून द्रव. मोठ्या यंत्रांत हे नवं नाही. आयबीएमनं १९८० मध्ये आणलेला ३०८१ पाण्यानं थंड होत असे, १९८५ च्या क्रे-२ चे भाग तर सरळ द्रवातच बुडवलेले असत. मग कमी वीज खाणाऱ्या चिपा आल्या आणि पाणी मागे पडलं. आता चिपा पुन्हा एवढ्या तापतात की २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या बहात्तर चिपांच्या एका कपाटाला १२० किलोवॉटच्या घरात वीज लागते आणि ते हवेवर चालूच शकत नाही.

हौशी मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटारीच्या हीटरचे रेडिएटर आणि मत्स्यालयाचे पंप जोडून सुरुवात केली. तेव्हाचा प्रयोग प्रोसेसर जास्त वेगानं पळवण्यासाठी होता. कर्वेनगरच्या खोलीत वेग वाढवायचा नाही. कार्डाचा आहे तो वेग रात्रभर टिकवायचा आहे. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

उष्णतेचा पुढचा मुक्काम

लूप कितीही चांगला बांधला तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली तर पाणी ५१ वर जाणार. याच कारणानं दमट हवेत नळ्यांवर दव धरेल ही भीतीही निराधार आहे. आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असलेल्या वस्तूवर दव धरत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात लूप बांधणाऱ्यांनी आर्द्रतेची काळजी सोडून द्यावी. चिलर लावून पाणी हवेपेक्षा थंड करणाऱ्यांचीच ती अडचण आहे.

पण ३५० वॉट खोलीत येतात ते येतातच. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याचा दहावा हिस्सा एकटं कार्ड खातं. कार्ड थंड झालं म्हणून खोली थंड होत नाही. हे समजल्यावर त्या दोघांचं पुढचं काम ठरलं: रेडिएटरच उचलून मागच्या गॅलरीत न्यायचा. दिवसा बाहेर ३९ अंश असतील तेव्हा पाणी जास्त तापेल, पण त्यांची मोठी कामं रात्रीची, आणि पुण्यात मे महिन्यातही रात्री पारा पुष्कळ खाली येतो. गॅलरी पूर्वेची आहे, म्हणजे दुपारचं ऊन थेट येत नाही. धुळीसाठी जाळी लागेल, आणि पावसाच्या झडीसाठी वर पत्रा.

“भिंतीला भोक पाडायचंय सर, सोसायटीला आधी विचारावं लागेल,” तो म्हणाला. लूप बंद असल्यानं गॅलरीतला रेडिएटर थोडा उंच असला तरी पंपावर त्या उंचीचा बोजा पडत नाही; वर चढणाऱ्या पाण्याला खाली उतरणारं पाणी तोलतं. बोजा पडतो तो नळीच्या लांबीचा आणि झटपट सोडता-जोडता येणाऱ्या कपलिंगांचा, कारण त्यांत वाट अरुंद होते. नळी साडेतीन मीटर जाणार आणि साडेतीन मीटर परत येणार. एवढ्या लांबीला आत्ताचा पंप पुरतो, की मागे आणखी एक लावावा लागेल, हे ते आधी खोलीतच सात मीटर नळी गुंडाळून, प्रवाह मोजून पाहणार आहेत.